चंद्रहासचं सुतक

डोक्यावर मशीन चालू असताना वाईट बातमी येऊ नये. आणि आलीच तर निदान ती न्हाव्याला कळू नये. माझ्या बाबतीत ती आम्हा दोघांना एकदमच कळली.

रविवारची सकाळ होती. डोंबिवली स्टेशनाजवळ मारुतीचं केशकर्तनालय होतं, तिथे मी खुर्चीवर बसलो होतो. 'मागून थोडे कमी कर, पुढे हात लावायचा नाही' ही माझी नेहमीची सूचना. पुढे हात लावायचा नाही, कारण पुढे कोंबडा होता. डावीकडून कपाळावर उतरणारा, अगदी चंद्रहास ठेवायचा तसा. चंद्रहास म्हणजे सिनेमातला. स्वातंत्र्य मिळून तीनेक वर्षं झाली होती, आणि आमच्या गावात जिकडे बघावं तिकडे तोच कोंबडा दिसे. मी 'तरुण' या सदरात जरा ओढूनताणूनच बसत होतो. पण केसांनी साथ दिली होती. पहिल्याच चित्रात चंद्रहासनं पोरक्या भावंडांना वाढवणाऱ्या थोरल्या भावाचं काम केलं, तेव्हापासून सगळे त्याला दादा म्हणत. मला आईबाप नव्हते आणि भावंडंही नव्हती. त्यामुळे मी इतरांपेक्षा जरा जास्तच मनापासून म्हणत असे.

बाकावर बसलेल्या एका गृहस्थानं वर्तमानपत्र उघडलं आणि तो ओरडला, "अरे! चंद्रहास गेला!"

मारुतीचं मशीन तेव्हा माझ्या मानेवर होतं. ते तिथून निघालं, सरळ टाळू चढलं, कोंबडा ओलांडून गेलं आणि कपाळावर येऊन थांबलं.

"दादा गेले वो, सायेब!" मारुतीनं हंबरडा फोडला.

आरशात मी पाहिलं. माझ्या डोक्याच्या मधोमध शेतातून पाट काढावा तसा पांढरा पाट निघाला होता. खरं सांगतो, मला त्या क्षणी त्याचं काहीच वाटलं नाही. छत्तीस वर्षांचा माणूस. गेल्या दिवाळीत ठाण्याला त्याला पडद्यावर हसताना पाहिलं होतं. परवा रात्री छातीत कळ आली, काल संध्याकाळी मुंबईत सगळं उरकलंसुद्धा, असं तो गृहस्थ वाचत होता. मारुती डाव्या हाताच्या मनगटानं डोळे पुसत होता आणि उजव्या हातानं पाटाच्या दोन्ही बाजू सारख्या करायला बघत होता. बाजू सारख्या होईनात. एकीकडे जरा जास्त जाई म्हणून दुसरीकडे काढावं लागे. शेवटी तो म्हणाला, "आता सगळंच काढू सायेब. नायतरी दादांसाठीच."

"काढ," मी म्हणालो. त्यानं सगळं काढलं, शेंडी ठेवली. मग मी काही बोलत नाही असं बघून मिशीही काढली.

टोपी मी वापरत नसे, कोंबडा झाकला जातो म्हणून. तसाच बोडक्या डोक्यानं घरी निघालो.

घर म्हणजे हरिहरपंत जोगळेकरांच्या कौलारू घरातली मागची खोली. हरिहरपंत मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. घरात ते, त्यांची पत्नी विमलाबाई आणि थोरली विधवा बहीण गोदाक्का. मी तिथे येऊन दोन वर्षं झाली होती. तेवढ्या काळात हरिहरपंत माझ्याशी दोन वाक्यं बोलले होते. एक, "पाणी जपून वापरा", आणि दुसरं, "दाराची कडी हळू लावत चला." वाक्यं दोन असली तरी ती त्यांनी पुष्कळदा वापरली होती.

विमलाबाई विहिरीवर होत्या. मला पाहून त्यांच्या हातातला दोर सुटला आणि कळशी विहिरीत गेली.

"अगबाई! कोण हो, फणसळकर?"

"दादा," मी म्हणालो.

"गेले?"

"गेले."

कळशीची चौकशीही न करता त्या आत धावल्या. दुपारी माझ्या खोलीत पितळी ताटात पिठलं-भात आला. रेशनचे दिवस होते. आपल्या वाट्याच्या तांदळातला भात दुसऱ्याच्या ताटात वाढणं म्हणजे काय, हे आज सांगून कळायचं नाही. मी भारावून गेलो. मला वाटलं, गावभर हेच चाललं असेल. कलेबद्दल या माणसांना किती माया आहे! आणि मी मात्र यांना कडी-पाण्यापलीकडे काही कळत नाही असं समजत होतो. विमलाबाई म्हणाल्या, "दोन घास खा हो. न जेवल्यानं का माणूस परत येतो?" एवढं बोलून त्यांनी माझ्या उघड्या डोक्यावरून हात फिरवला आणि विहिरीवर जाऊन पुन्हा आंघोळ केली. ही दुसरी आंघोळ कशासाठी, ते मला तेव्हा उमगलं नाही.

संध्याकाळी हरिहरपंतांनी मला ओटीवर बोलावलं. वेगळं बसायला एक पाट टाकला होता. शेजारची चार-पाच मंडळी गंभीर चेहऱ्यानं बसली होती. गोदाक्का माजघराच्या दाराआड होत्या. विधवांच्या त्या लाल आलवणाचा काठ तेवढा दिसत होता.

"वय काय होतं?" हरिहरपंतांनी विचारलं.

"छत्तीस."

"अरेरे! आणि तुम्हाला कळलं कसं?"

"वर्तमानपत्रात."

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. "वर्तमानपत्रात! घरून कोणी कळवलं नाही?"

"मला कोण कळवणार?"

"वहिनींची गाठ?"

"कधीच नाही. फोटो पाहिलाय एकदा."

ओटीवर कोणीतरी च् च् केलं. हरिहरपंतांचा आवाज खाली आला. "शेवटची भेट केव्हा?"

"गेल्या दिवाळीत, ठाण्याला."

"काय बोलणं झालं?"

"तेच बोलत होते. मी आपला अंधारात बसून ऐकत होतो. मग दिवे लागले, तसा उठून आलो." मला ते सगळं आठवून भडभडून आलं. "खरं सांगू का पंत, मी या जगात आहे हे त्यांना माहीतसुद्धा नव्हतं."

हरिहरपंतांनी डोळे मिटून घेतले, मान हलवली आणि निकाल वाचावा तसे म्हणाले, "म्हणजे सावत्र."

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. टाळक्यात प्रकाश पडायला आता काही अडथळाही उरला नव्हता.

मी लगेच खुलासा करायला हवा होता असं आज सगळेच म्हणतात. त्यांना त्या ओटीवर बसवायला हवं होतं. "पंत, तुमचा काहीतरी..." एवढं मी म्हणालोही. पण हरिहरपंतांनी हात वर केला. "एक अक्षर बोलू नका. वडिलांच्या दोषांचा उच्चार मुलानं करू नये." माझे वडील, ज्यांनी रत्नागिरीच्या शाळेत तीस वर्षं व्याकरण शिकवण्यापलीकडे कोणाला त्रास दिला नाही, ते त्या संध्याकाळी गावात भलत्याच कारणानं प्रसिद्ध झाले. आणि सुतक्याला शिवलं की आंघोळ करावी लागते, हे ठाऊक असून विमलाबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता, तेही मला आत्ता उमगलं. मला वाढवणारी मावशी गेल्यापासून माझ्या डोक्याला न्हाव्याखेरीज कोणाचा हात लागला नव्हता. मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी काळी टोपी घालून ठाण्याला कचेरीत गेलो. हेडक्लार्कनी टोपीखाली पाहिलं.

"कोण?"

"दादा," सवयीनं तोंडून निघून गेलं.

"सरकारी नियमात दादा नाही. भाऊ आहे. थांबा." त्यांनी माझी नोकरीची कागदपत्रं काढली. "इथे तुम्ही एकुलते एक आहात. हा भाऊ सरकारला न विचारता झाला का?"

"तसा सख्खा नाही..."

"मग रजा नाही. पण सुतक आहे ना? मग दप्तराला हात लावू नका. आमच्याकडे सोवळ्यातले लोक आहेत. अख्ख्या जिल्ह्याचे कागद शिवून ठेवाल."

असा पेच पडला. रजा नाही म्हणून घरी जायचं नाही, आणि सुतक आहे म्हणून काम करायचं नाही. मला व्हरांड्यातल्या बाकावर बसवण्यात आलं. समोर कोर्टात तारखेला आलेले पक्षकार झाडाखाली भाकरी खात बसलेले असत. त्यांच्यातला एक म्हातारा रोज विचारी, "तुमचा पुकारा नाय झाला अजून?" मी म्हणे, "नाही." तो म्हणे, "व्हईल, व्हईल."

दिवसभर असा एकटा बसलेला मी, संध्याकाळी मात्र राजा होतो. ओटीवर माणसं जमत. कळव्याहून हरिहरपंतांचा साडू मुद्दाम मला बघून गेला. प्रत्येक जण सल्ला देई. कोणी म्हणे इस्टेटीवर दावा लावा, कोणी म्हणे आता भांडण मिटवून वहिनींच्या पायांवर डोकं ठेवा. माझे आवडते सुके बोंबील मी आयुष्यात पहिल्यांदा इतके दिवस सोडले होते. (ब्राह्मणाघरी भाड्यानं राहणाऱ्या ब्राह्मणानं बोंबील कुठे खाल्ले, असा प्रश्न सभ्य माणसानं विचारू नये.) आणि मग कोणीतरी हळूच म्हणे, "कसे होते हो तुमचे दादा?"

मी सांगायचो. एक शब्द खोटा सांगितला नाही. कसे हसायचे, हसताना एक भुवई आधी कशी वर जायची. रागावले तर आवाज चढवत नसत, उलट खाली आणत. धाकट्या बहिणीच्या लग्नात पाठमोरे उभे राहून कसे रडले होते. "पाठमोरे?" विमलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "हो, पण खांद्यांवरून कळत होतं." सबंध ओटी पुढे सरकून बसली. दोन वर्षं मी त्या घरात राहिलो होतो, आणि माझं बोलणं संपू नये असं कोणाला वाटतंय, हे मी तिथे पहिल्यांदा पाहत होतो.

तेवढ्यात दाराआडून गोदाक्कांचा आवाज आला, "घोड्यावर फार छान बसत, नाही?"

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. "तुला गं काय ठाऊक?" हरिहरपंत म्हणाले.

"असं आपलं वाटलं," आतून उत्तर आलं.

आता सगळं उघडं पडणार असं मला वाटलं. पण पुढे काहीच झालं नाही. आलवणाचा काठ तसाच दाराशी राहिला.

दहाव्या दिवशी हरिहरपंतांनी कल्याणच्या खाडीवर भटजी ठरवले. "तिकडे करतील न करतील. तुम्ही तुमचं कर्तव्य करा. मी बरोबर येतो," असं म्हणून त्यांनी मला टांग्यात घातलं. वाटेत दोनदा मी तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. कडी हळू लावा म्हणणारा हा माणूस माझ्यासाठी उपाशीपोटी, उन्हातान्हात खाडीवर येत होता. तोंड मिटलं ते मिटलंच.

पिंड ठेवला. समोरच्या भिंतीवर कावळ्यांची रांग होती. ते पिंडाकडे बघत, मग माझ्याकडे बघत, आणि पुन्हा आपसांत बोलत. एकही पुढे येईना.

"काहीतरी इच्छा राहिलीय," भटजी म्हणाले. "बोला. आश्वासन द्या."

"म्हणा, इस्टेटीवर हक्क सांगणार नाही," हरिहरपंतांनी सुचवलं. मी म्हणालो. कावळ्यांना इस्टेटीत रस नव्हता. "म्हणा, मुलांकडे लक्ष देईन." तेही म्हणालो. "म्हणा, मनात किल्मिष नाही." किल्मिष खरंच नव्हतं. भटजींना दुसरीकडे जायचं होतं. ते दर्भाचा कावळा करायला लागले.

इतक्यात मागून टाळ-मृदंगासारखा काहीतरी गलका आला. वळून पाहिलं, तर मारुती! त्याच्या हातात केशकर्तनालयातली चंद्रहासची तसबीर, तिला झेंडूचा हार, आणि मागे डोंबिवलीची दहा-बारा पोरं. सगळ्यांची डोकी तुळतुळीत. एकटा मारुती काय तो हजामत करून थकलेला दिसत होता.

"सायेब!" मारुती आनंदानं ओरडला. "तुमी पण आलात! बघा रे, सगळ्यात आधी दादांसाठी डोकं कोणी दिलं? फणसळकरसायबांनी दिलं!"

हरिहरपंतांनी तसबिरीकडे पाहिलं. तसबिरीत एक भुवई वर गेलेली होती, आणि खाली ठळक अक्षरांत सिनेमाचं नाव होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हे... हे तुमचे दादा?"

"हो," मी म्हणालो.

"सिनेमावाला? दहा दिवस माझ्या घरात सिनेमावाल्याचं सुतक?" ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की भिंतीवरचे निम्मे कावळे उडाले. मारुती त्यांना शांत करायला गेला, तर ते त्याच्यावर धावून गेले. पोरं मध्ये पडली. तसबीर कोणाच्या हातात आहे हे कोणालाच कळेना.

त्या गडबडीत माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मी पिंडाशी तसाच बसलो होतो. आता लपवायचं काही राहिलं नव्हतं. मी हात जोडले आणि हळूच म्हणालो, "दादा, तुम्ही मला ओळखत नाही. मी आनंद फणसळकर. डोंबिवलीला असतो."

एक कावळा भिंतीवरून उतरला, दोन उड्या मारत आला आणि पिंडाला चोच लावली.

"शिवला हो, शिवला!" भटजी ओरडले. ऐकायला कोणी नव्हतं. हरिहरपंत टांग्याच्या दिशेनं तरातरा चालले होते. टांगा अर्थातच ते एकटेच घेऊन गेले.

त्यानंतरचं सांगण्यासारखं फारसं नाही. घर गोमूत्र शिंपडून शुद्ध झालं. पितळी ताट परत मागण्यात आलं, तेही तिऱ्हाइताकडून. ओटीवरची मंडळी मला रस्त्यात पाहून दुसऱ्या बाजूला जात. फसवलं गेल्याचा राग माणूस विसरतो. पण फुकट रडल्याचा विसरत नाही. विमलाबाई तर विहिरीवर मी दिसलो की कळशी अर्धी टाकून आत जात. कचेरीत मी हेडक्लार्कना सांगितलं की भाऊ नव्हता. त्यावर ते म्हणाले, "म्हणजे सरकारचं बरोबर होतं," आणि मला पुन्हा टेबलावर घेतलं. त्या म्हाताऱ्याला वाटलं माझा पुकारा झाला. डोक्यावर केस उगवू लागले होते. मी कडी इतकी हळू लावत असे की एकदा ती लागलीच नव्हती.

मग एका रविवारी हरिहरपंत आणि विमलाबाई पनवेलला लग्नाला गेले. गोदाक्का मागे राहिल्या; लग्नकार्याला त्यांना नेत नसत. दुपारी माझ्या दारावर टकटक झाली. आलवणाचा पदर डोक्यावरून पुढे ओढून त्या उभ्या होत्या. माझ्याशी समोरासमोर त्या पहिल्यांदाच बोलत होत्या.

"फणसळकर, कल्याणला ते अजून लागलंय का हो?"

"काय?"

"तुमच्या दादांचं. घोड्याचं."

"तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं?"

"हरीला मोतीबिंदू आहे. पेपर रोज मीच वाचून दाखवते. सिनेमाचं तेवढं गाळून. ते माझं मला वाचायला राहतं."

"मग बोलला का नाहीत?"

"दहा दिवस आमच्या ओटीवर माणसं येत होती," गोदाक्का म्हणाल्या. "चांगलं बोलत होती. मी कशाला मोडू?" मग म्हणाल्या, "उशीर होईल. लागलंय का ते सांगा."

लागलं होतं. चंद्रहास गेल्यावर त्याची जुनी चित्रं सगळीकडे पुन्हा लागली होती. कल्याणच्या थिएटराच्या दारावरचा माणूस लाल आलवण पाहून गडबडला. त्यानं मला विचारलं, "कीर्तन समजून तर आल्या नाहीत ना आजी?" गोदाक्काच म्हणाल्या, "नाही रे बाबा, घोड्याचंच बघायला आलेय."

बायकांची बसायची जागा वेगळी, पडद्याआड. दिवे गेले की पडदा सरकवत. त्यामुळे तीन तास त्या तिकडे एकट्या, मी इकडे एकटा. चित्र मला पाठ होतं. मी सारखा मान वळवून अंधारात लाल रंग दिसतोय का बघत होतो. अंधारात सगळे रंग सारखेच दिसतात.

सुटल्यावर मी दाराशी थांबलो. सगळ्या बायका बाहेर पडल्या आणि सर्वांत शेवटी गोदाक्का आल्या. त्या थिएटराच्या पायरीवर बसल्या. त्यांना घाई दिसली नाही.

"माझं लग्न झालं तेव्हा मी आठ वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "अंतरपाट दूर झाला तेव्हा मी खाली बघत होते. बघू नये म्हणून सांगितलं होतं ना. मग ते पुण्याला शिकायला गेले, आणि प्लेगात तिथेच गेले. तेव्हापासून हे." त्यांनी आलवणाला हात लावला. "रोज आठवण काढायची म्हणतात. काढते मी. पण आठवायला चेहराच नाही हो, फणसळकर. इतकी वर्षं मी नुसत्या नावाची आठवण काढतेय."



"त्यांचं खरं नाव काय हो? तुमच्या दादांचं? चंद्रहास हे सिनेमातलं असेल."

"ठाऊक नाही," मी म्हणालो. मला लाज वाटली. दहा दिवस सुतक धरलं, आणि नावसुद्धा ठाऊक नाही.

"नसू दे," गोदाक्का म्हणाल्या. "चेहरा त्यांचा, नाव आमच्यांचं. असं धरलं तर चालेल ना? कोणाचं काही घेतल्यासारखं नाही ना होत?"

"नाही होत," मी म्हणालो. "दादा नाही म्हणायचे नाहीत."

त्यांनी मान हलवली आणि उठल्या. मी टांगा केला. रीतीप्रमाणे मी पुढे टांगेवाल्याशेजारी बसलो आणि गोदाक्का मागे, पाठीला पाठ लावून. बाजार ओलांडून स्टेशन येईपर्यंत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. दोघंही आपापल्या माणसाशी बोलत होतो.